ठिपक्यांमधला तुकडा

झुंबर पगारेचा हात इतका सरळ, की रेघ ओढताना तो पट्टी नुसती शोभेला ठेवतो, असं कचेरीत म्हणायचे. नाशिकच्या त्या कचेरीत तो तलावांचे नकाशे काढी आणि कोणत्या तलावाखाली किती जमीन जाईल, तेही काढी. रीत सोपी होती. सारख्या अंतरावर ठिपके छापलेला पारदर्शक कागद डोळे मिटून नकाशावर टाकायचा आणि बुडीत रेषेच्या आत पडलेले ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे ठरावीक गुंठे. कागद पुन्हा पुन्हा टाकून सरासरी घ्यायची. झुंबर मात्र एकदाच टाकी. त्याचा आकडा यंत्रावरच्या मोजणीशी जुळायचाच, आणि या गोष्टीचा त्याला भारी तोरा होता.

अठ्ठ्याहत्तर साली हरसूलकडच्या एका पाझर तलावाचं काम आलं. एकूण क्षेत्र पहिल्याच फेकीत जुळलं. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली आणि म्हणाले, आता कोणाची किती जाते तेही काढ. जितकी जाईल तितकी दुसरीकडे मिळायची होती. कागद पुन्हा टाकला तर जुळलेला आकडा हलेल, म्हणून झुंबरने तो जागचा उचललाच नाही. लंकाबाई नावाच्या एका शेतकरणीचा चिंचोळा तुकडा ठिपक्यांच्या दोन ओळींमध्ये आला. आत एकही ठिपका नाही. एवढासा तुकडा या कागदाने मोजायचाच नसतो, हे झुंबरला पाठ होतं. तरी त्याने शून्य लिहिलं. एवढ्याने काय बिघडतंय, अशी मनाची समजूत घालून तो चहाला गेला.

पुढच्या वर्षी तलाव भरला. हद्दीचे दगड तपासायला झुंबर गेला, तेव्हा एक बाई पाण्याकडे बघत बसली होती. नाव विचारलं, तर ती लंकाबाई निघाली. बाकी सगळ्यांना बदली जमीन मिळाली होती. लंकाबाई आता दुसऱ्यांच्या नागलीच्या शेतात राबत होती. नकाशा आपणच काढला, हे त्याच्या तोंडून निघून गेलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "तुकडा बारका व्हता दादा, तुमाला नाय सापडला," ती म्हणाली. "पाण्याला बरा सापडला."

परतल्यावर झुंबरने साहेबांपुढे चूक कबूल केली. एकूण आकडा बरोबर आला ना, मग झालं, असं म्हणून साहेबांनी फाइल बाजूला सारली. आकडा बरोबरच होता, आणि तेच झुंबरला आयुष्यभर खात राहिलं.