गार पिशव्यांची आक्का

मानेवर अचानक काहीतरी थंडगार टेकलं आणि तुम्ही किंचाळलात, की समजायचं, मागं आक्का उभ्या आहेत. हातात दुधाची पिशवी, पण आत दूध नाही. तोंडावर अपराधाचा लवलेश नाही. "लागलं का गार?" एवढाच प्रश्न. लागलं म्हटलं तर "मग? लागणारच की!" म्हणून खूश. नाही म्हटलं तर तीच पिशवी गालावर. खोटं बोलायची सोयच नव्हती.

आमची कंपनी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. हे नाव ऐकून माझ्या मुंबईच्या आतेबहिणीला बरेच दिवस वाटत होतं, की मी हॉटेलात कामाला आहे. मी क्वालिटीत, आक्का पॅकिंगला, ठेकेदाराकडून. दोघी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या, त्यामुळं कंपनीची बस एकाच थांब्यावरून पकडायचो. सगळे त्यांना आक्काच म्हणायचे, मॅनेजरसुद्धा. खरं नाव हजेरीच्या मशीनला तेवढं ठाऊक असावं.

अशी एक बाई तुमच्याही ओळखीची असेल. जिला आपण काही विचारलेलं नसतं, पण जिच्याकडं आपल्यासाठी उत्तर तयार असतं.

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर आले तेव्हा ऐन उन्हाळा होता. माझी लेक वरचं दूध पोटात ठेवत नव्हती. चमचाभर पाजलं की भडाभडा ओकायची. दिवसभर तिला सांभाळायच्या सासूबाई. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "महिनाभर बघू. पोरगी सुकली तर नोकरीला रामराम." यात त्यांचं काही चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं. मी दुपारी स्टोअरमागच्या खोलीत दूध काढायचे, बाटलीत भरायचे, आणि घरी पोचेपर्यंत ते नासायचं. सहलीला नेतात तसला एक छोटा थंड डबा आणला, त्यात बर्फाचे खडे टाकले. खडे अर्ध्या वाटेवर, गोकुळ शिरगावपर्यंतच यायचे. पुढं नुसतं पाणी डचमळायचं आणि त्यात बाटली पोहायची.

एकदा बसमध्ये बाटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि मला रडू आलं. शेजारी आक्का.

"काय झालं गं?"

"डबा खराब झाला," मी कुजबुजले.

"कसला डबा?" आक्कांना कुजबुजणं हा प्रकारच माहीत नव्हता. "दूध हाय न्हवं तुझं? अंगावरचं?"

सगळी बस वळली. ड्रायव्हरनं आरसा नीट केला. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"मग लाजतीस कशाला? चोरून आणलंयस व्हय? रविवारी घरला ये माझ्या. गार पिशव्या करूया."

मी म्हटलं, "आक्का, तसल्या पिशव्या बाजारात तयार मिळतात."

"मिळत्यात की. साड्या बी तयार मिळत्यात. म्हणून धुणं सोडलंस का?"



रविवारी गेले तर दोरीवर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चिमटे लावून वाळत होत्या. शेगडीवर मक्याच्या पिठाची खळ रटरटत होती, साडीला घालतात तसली. नुसतं पाणी गोठलं की दगड होतो, बाटलीला धड चिकटत नाही. खळ गोठली तरी कणकेसारखी मऊ राहते, अंगालगत बसते. हे आक्का मला सांगत होत्या तेव्हा त्यांचा चेहरा पुरणपोळीची रीत सांगणाऱ्या बाईसारखा झाला होता. खळीत थोडं जाडं मीठ. ती पिशवीत भरायची, पण गळ्यापर्यंत नाही, फुगायला जागा ठेवायची. मग हवा काढून तोंड करवतीच्या दोन पात्यांत धरायचं आणि मेणबत्तीवरून सर्रकन फिरवायचं. झाली बंद. वरून दुसरी पिशवी.

"आक्का, पॅकिंगला तर अख्खं सीलिंग मशीन आहे. दुपारी दोन मिनिटांत होईल."

"कंपनीचं मशीन कंपनीच्या कामाला," आक्का म्हणाल्या, आणि बोट भाजून घेतलं.

पहिली खेप साफ फसली. पिशव्या रात्रभर फ्रीजरमध्ये राहिल्या आणि सकाळी जशाच्या तशा लिबलिबीत. आक्कांनी मीठ हातानं टाकलं होतं, आणि तो हात तांबड्या रश्श्यात घडलेला. मीठ जास्त झालं की घरच्या फ्रीजरला ते गोठवता येत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. आक्कांनी एक पिशवी फोडून चक्क चाखली. "चव झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "मटान तेवढं ऱ्हायलं." पुढची खेप त्यांनी चमच्यानं मोजून केली आणि चमच्यानं मोजावं लागलं म्हणून दिवसभर घुश्श्यात होत्या.

पिशव्या रात्री माझ्या घरी आणि दिवसा कँटीनच्या मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या ठरल्या. कँटीनमध्येच पुढचा घोळ झाला. कंपनीत तपासणीला बाहेरगावचे पावणे आले होते. कँटीनवाल्या मामांचं दूध संपलं. फ्रीजरमध्ये बघतात तर गोठलेल्या दुधाच्या पिशव्या! पांढऱ्या, छापाच्या, कोण शंका घेणार? मामांनी घाईत एक कापली आणि गोळा चहात सोडला. चहा खारट झाला आणि वर असा घट्ट, की कप उपडा केला तर तो विचार करून पडेल. पावण्यांनी घोट घेतला आणि अदबीनं विचारलं, "हा इकडचा खास चहा आहे का?"

आक्का नेमक्या खोकी घेऊन दारात. "व्हय की! कोल्हापुरी!"

पावण्यांनी कप संपवला. मामा पुढं आठवडाभर आक्कांशी बोलले नाहीत. त्यानंतर प्रत्येक पिशवीत निळीचा थेंब पडू लागला. "निळं दिसलं की प्यायचं न्हाय," आक्कांनी मामांना सुनावलं, जसं काही चूक मामांचीच होती.

महिना संपत आला होता. दूध आता घरी गार पोचत होतं, लेक अंग धरत होती. आणि एका संध्याकाळी बस बंद पडली. हायवेवर, झाड म्हणून औषधाला नाही. दुसरी गाडी येतेय, येतेय, आणि येईना. मी दर दोन मिनिटांनी डब्याच्या झाकणाला हात घालत होते.

"उघडू नगंस!" आक्का ओरडल्या. "उघडलं की गारवा गेला." मी ऐकेना, तेव्हा त्या डब्याला आपली शाल गुंडाळून त्याच्यावर चक्क बसल्या. "आता उघड. आधी मला उचलावं लागंल." आणि आक्कांना उचलायला तालमीतले चार गडी लागले असते.

तिथं बसून त्या बोलल्या. मी विचारलं नव्हतं.

"मी सूतगिरणीत हुतो. कायम हुतो, ठेक्यावर न्हवं. पोरगं झालं, रजा संपली, कामावर गेलो. दूध भरून यायचं गं, पोलकं भिजायचं. मग संडासात जाऊन भिंतीवर पिळायचं. हिकडं भिंतीला पाजायचो आणि तिकडं पोरगं भाताच्या पेजेवर. लई आजारी पडलं. मग सोडली नोकरी. परत लागली ती ही अशी, ठेक्याची." मग मला ढोसलं, "तोंड काय पाडतीस? पोरगं जगलं की. पुण्यात हाय. सून बी कॉम्प्युटरवाली हाय."

मी त्यांचा हात धरून बसले. त्यांनी थोडा वेळ धरू दिला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. सासूबाई दारात, कडेवर लेक रडून लाल. त्यांनी माझ्या हातून डबा घेतला, स्वतः उघडला, निळी पिशवी दाबून बघितली. अजून बर्फासारखी गार होती. बाटली गरम पाण्यात धरून त्यांनी वास घेतला, आणि पोरीला पाजायला बसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून मनसोक्त रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सासूबाईंनी फ्रीजरमधल्या पिशव्या काढून माझ्या डब्यात आधीच लावून ठेवल्या होत्या. रामराम हा शब्द घरात पुन्हा निघाला नाही.

लेक पुढं भाकरी मोडून खायला लागली. पेठेत आक्का दिसल्या की त्यांच्याकडं मात्र जायची नाही, भोकाड पसरायची. "माझ्या पिशव्यांवर वाढलीयास आणि मलाच वळखत न्हायस व्हय?" आक्का तिला रस्त्यात उभं करून विचारायच्या.

मग पुण्याला त्यांना नातू झाला. काही महिन्यांनी सुनेचा फोन आला, की कामावर जाऊन बघितलं, झेपत नाही, नोकरी सोडते. त्या दिवशी आक्का बसमध्ये गप्प होत्या. सगळ्यांना वाटलं, तब्येत बरी नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेकेदाराला सांगून टाकलं, उद्यापासून येत नाही.

"अहो आक्का, असं कसं?" आम्ही सगळ्या जणी मागं लागलो.

"पॅकिंगला दुसरी मिळंल. पोराला आज्जी दुसरी कुठनं आणायची?"

जाताना माझ्या फ्रीजरमधल्या सगळ्या पिशव्या काढून नेल्या. "ऱ्हाऊ दे म्हणतीस? आईस्क्रीम गार करत बसशील तू ह्यांच्यावर." पुण्याच्या एसटीत खिडकीशी बसल्या आणि गाडी हलेपर्यंत मी फ्रीजर किती घाण ठेवते यावरून मला बोलत होत्या.

परवा जेवणाच्या सुट्टीत त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागं काचेची उंच इमारत. त्यांच्या भरवशावर सून पुन्हा ऑफिसला जाऊ लागली होती, आणि त्या दिवशी घाईत पिशव्यांचा डबा घरी विसरली, म्हणून नातू बापाकडं देऊन आक्का रिक्षानं तिच्या ऑफिसला पोचल्या होत्या. सिक्युरिटीवाला आत सोडेना. डब्यात काय आहे, म्हणून विचारत होता.

"गार पिशव्या हाईत! माझ्या नातवाचं दूध न्यायला!" आक्कांनी अख्ख्या पुण्याला सांगितलं.

तेवढ्यात सून धावत खाली आली. आक्कांनी फोन धरलेला हात खाली सोडला, त्यामुळं मला आता फक्त चकचकीत फरशी आणि दोघींची पावलं दिसत होती. सून रडत होती. "आई, नाही जमत मला. सगळे बघतात. मी आजच राजीनामा देते."



"रड," आक्कांचा आवाज आला. "पण लिफ्टात रड. दार उघडलं की कामाला लाग. संध्याकाळी दूध घेऊन ये, मी पोराला सांगतो आई येतीया म्हणून."

सँडल वळले. टकटक लांब गेली. आक्कांची पावलं मात्र जागची हलली नाहीत.

मग फोन वर आला. आक्का सिक्युरिटीवाल्याच्या खुर्चीत बसून रडत होत्या. मोठ्यानं, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तोंड न झाकता. तो बिचारा बाजूला पाण्याची बाटली धरून उभा.

"गेली बघ," त्या म्हणाल्या. "कामाला गेली."

माझ्याही डोळ्यांना धार लागली. आक्कांनी पदरानं नाक पुसलं आणि स्क्रीनमध्ये डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं.

"तू काय बघत बसलीयास? सुट्टी संपली असंल की तुझी. ऊठ."