शून्य कर भरणाऱ्या मावशी

आमच्या घरमालकीण मावशींइतकं मन लावून रागावणारं माणूस मी उभ्या नवी मुंबईत पाहिलेलं नाही. बाकीचे लोक अडचण आली की रागावतात. मावशी सकाळी उठत, चहा घेत, केसांना तेल लावत आणि मग त्या दिवसाचा विषय निवडत. घणसोली गावात त्यांच्या घरी वरच्या खोलीत मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो, पण विषय संपल्याचं कधी पाहिलं नाही. समोरच्या टॉवरमधून ठिबकणारं एसीचं पाणी, पापलेट म्हणून विकला जाणारा भलताच मासा, विकतच्या मसाल्यात सापडलेली साखर, असं काहीही चाले. माझ्या कंपनीनं लागोपाठ दोन रविवार कामाला बोलावलं तर मी गप्प बसलो होतो, पण मावशी जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "तुज्या साहेबाचा नंबर दे बाला, मी बोलतंय त्याच्याशी." तो नंबर न देणं हे त्या नोकरीतलं माझं सर्वात शहाणपणाचं काम.

या रागाला पैसे मिळतात हे त्यांना साठीनंतर कळलं. एकदा त्या अंगणात निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे, साफ करत असताना मी सहज फोनवर टिपलं आणि टाकलं इंटरनेटवर. लोकांना निवट्यांपेक्षा बोलणं आवडलं. मग मावशी स्वतःच फोन तांदळाच्या डब्याला टेकवून रोज बोलू लागल्या. "कालवनात टमाटा टाकता? आनि वर इचारता, चव का नाय आली?" दुबईत, कॅनडात एकेकटी राहणारी आपली मुलंबाळं हे ओरडणं जेवताना लावून बसत. एकानं लिहिलं होतं, 'मावशी, या आठवड्यात मला कुणीच ओरडलं नाही, लवकर व्हिडिओ टाका.' व्हिडिओच्या मध्ये जाहिराती येऊ लागल्या आणि त्यांचे पैसे एक परदेशी कंपनी दर महिन्याला बँकेत पाठवू लागली. त्याचाही राग आलाच. "बोंबील माजा, वाटन माजा, मधी गाडीच्या कर्जाची जाहिरात कोनाला इचारून घातली?"

कमाई वाढली तशी मी त्यांना कोपरखैरण्याच्या एका कर सल्लागाराकडे नेलं. त्यानं समजावून सांगितलं, की इन्कम टॅक्स वेगळा, तो भरायचाच. पण जाहिरातीचे पैसे देणारी कंपनी परदेशातली, म्हणजे मावशी सेवा निर्यात करतात आणि निर्यातीवर जीएसटी शून्य. फक्त नंबर घ्यायचा आणि दर महिन्याला विवरणपत्र भरायचं. कर लागतो म्हणून भडकलेली माणसं त्यानं पुष्कळ पाहिली असतील. लागत नाही म्हणून भडकलेली ही पहिलीच. "शून्य भरायला नंबर कशाला? आनि मी कायच भरला नाय तं रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल कंच्या तोंडानं बोलू?" तो म्हणाला, "मावशी, टेन्शन नका घेऊ, मी आहे ना." त्यानंतर दर महिन्याला मावशी जातीनं त्याच्या ऑफिसात जात आणि कमाईचा आकडा पडद्यावर उमटलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठत नसत. मासळी बाजारात मात्र भाव करताना त्यांचा आवाज चढला. "मना शिकवू नको, मी एक्सपोर्टवाली हाय."

आता यात एक मेख होती. निर्यात करणाऱ्याला दर वर्षी एक हमीपत्र ऑनलाइन द्यावं लागतं. पहिल्या वर्षी सल्लागारानं ते दिलं, दुसऱ्या वर्षी विसरला, आणि पुढं केव्हातरी नोटीस आली: त्या वर्षाच्या सगळ्या कमाईवर अठरा टक्के कर, वर व्याज, वर दंड. एवढी रक्कम भरायची तर मावशींच्या हातातल्या पाटल्याच गेल्या असत्या. सल्लागार खुर्चीत रेलून म्हणाला, "आत्ता भरून टाका, रिफंडचं नंतर बघू."

"इसरला तू नि भरू मी?" मावशी म्हणाल्या. मी कान झाकायच्या तयारीत होतो. पण त्यांनी कागदावर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी ओळ नेमकी निघाली. "हितं काय लिवलंय?"

मी मराठीत करून वाचलं, "करदात्यानं माहिती दडवून..."

"दडवून?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मी दडवलं? मी तं सगल्या जगासमोर वरडतंय."

त्या दिवसापासून व्हिडिओ बंद. तो शब्द पुसला जाईपर्यंत फोनसमोर बसणार नाही, म्हणाल्या. नुसता फोन नाही, रागच बंद झाला. एसीचं पाणी ठिबकत राहिलं, त्या बघत राहिल्या. इतकी वर्षं मी ज्या शांततेसाठी तळमळत होतो ती मिळाली, आणि मला घरात बसवेना.

मग संताप मला आला. तो शब्द छापील साच्यातून आपोआप नोटिशीत उतरत असेल, मान्य. पण ज्या बाईनं महिन्याच्या महिन्याला पै न पै जाहीर केली तिच्या नावापुढं तो उतरवताना कुणी एकदा विवरणपत्रं उघडून बघू नये? आणि तो सल्लागार! त्याला समोर बसवून मी राहिलेलं हमीपत्र भरायला लावलं, सगळ्या विवरणपत्रांच्या प्रती काढल्या. पैसे परदेशातूनच आले असा दाखला मिळवायला बँकेत तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या माणसानं विचारलं, "परदेशातून पैसे? जावई पाठवतो का?" मी मावशींकडे आशेनं पाहिलं. त्या खाली बघत बसल्या होत्या.

सुनावणीला समोर तिशीतली एक अधिकारी होती. तिनं कागद सावकाश, एकेक करून पाहिले. मग म्हणाली, "आजी, कमाई तर तुम्ही दर महिन्याला दाखवलीये. हमीपत्र उशिरा आलं, पण पैसे बाहेरूनच आलेत. मागणी रद्द होईल. जा तुम्ही निवांत."

मावशी उठल्या नाहीत. "त्यो शब्द?"

"कुठला?"

"दडवलं म्हून लिवलंय. पैसं राहू द्या बाई, आधी त्यो काढा."

अधिकाऱ्यानं नोटीस उलटून ती ओळ शोधली, आणि तिचा चेहरा जरा ओशाळला. "आदेशात स्पष्ट लिहिते," ती म्हणाली. आणि तिनं खरंच लिहिलं.

काही दिवसांनी आम्ही आदेशाची प्रत घेऊन रिक्षानं परत येत होतो. तळवलीच्या अलीकडे मावशींनी रिक्षा थांबवली. समोर एका कंपनीची काचेची इमारत होती. "हितं आमचा शेत होता," त्या म्हणाल्या. शहर वसवायला सरकारनं जमिनी घेतल्या तेव्हा मोजणीच्या कागदावर त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या नावापुढं कुणीतरी शेरा मारला होता: जमीन दडवली. काका तो शेरा काढायला कचेऱ्यांत खेटे घालत राहिले. भरपाई आली, जमीन गेली, शेरा मात्र तसाच राहिला आणि एक दिवस काकाही गेले. "लय लागलं होतं रं त्यांना," मावशी म्हणाल्या. "वाच. मराठीत वाच. मोठ्यानं."

मी वाचलं, "करदात्यानं कोणतीही माहिती दडवलेली नाही."

"परत वाच."

मी परत वाचलं. मावशी त्या काचांकडे बघत ऐकत होत्या. तेवढ्यात फाटकावरचा वॉचमन काठी आपटत आला. "ओ, पुढं घ्या रिक्षा. इथं थांबायचं नाही."

आता आजचा विषय मिळाला, असं मला वाटलं. मावशींनी पदरानं डोळे टिपले आणि त्या माणसाकडे पाहिलं.

"हो भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "जातोय आमी."