अण्णांचे डोळे, आक्कांचा हात

आक्कांचा फोन म्हणजे काहीतरी सल्ला असणार, ही आमच्या घरातली जुनी समजूत. त्यामुळे त्या दुपारी मी पतसंस्थेत काउंटरवर असताना अण्णांच्या मोबाइलवरून आक्कांचा आवाज आला, तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता कसला काढा सांगतायत कोण जाणे. पण त्या नुसतं माझं नाव घेत राहिल्या. "मनीषा... मनीषा..." मग जरा वेळाने म्हणाल्या, "चहाला उठवाया गेले गं. झोपंतच गेला."

अण्णा माझे सासरे. आक्का त्यांची थोरली बहीण, मूळच्या सिन्नरच्या, पण गेली काही वर्षं शहरातल्या उपनगर भागात आमच्याकडेच राहतात. अण्णांना जाऊन आता महिना उलटला. भेटायला येणारे त्यांच्या कारखान्यातल्या नोकरीबद्दल बोलतात, त्यांच्या शांत स्वभावाबद्दल बोलतात. माझ्या मनात मात्र त्यांचे डोळेच येत राहतात. त्या डोळ्यांच्या निमित्ताने मी या माणसाला ओळखायला शिकले.

अण्णांना काचबिंदू होता. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तपासायला गेले आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं, डोळ्यातला दाब वाढलाय, डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेलीय. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं तर स्वच्छ दिसतं, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली टिकवायची तर रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, आणि तेही जन्मभर. त्याआधी द्वारका चौकात डावीकडून आलेली रिक्षा त्यांना दिसली नव्हती आणि स्कूटर घासली गेली होती. तेव्हा त्यांनी रिक्षावाल्यालाच दोष दिला होता. निदान झालं आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्कूटर विकून टाकली. वाईट वाटलं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "वाटलं. पण एखादं पोर डावीकडून धावत आलं असतं तर?"

आजार समजला आणि आमच्याकडे सल्ल्यांची रीघ लागली. इगतपुरीचे बापूकाका, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवत. कुणी त्रिफळ्याचं पाणी सांगितलं, कुणी सकाळची शिळी लाळ डोळ्यांना लावायला सांगितली, कुणी दवात अनवाणी चालायला. गाजरं तर इतकी आली की त्या थंडीत आम्ही हलवा करून करून थकलो. अण्णा प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेत. "बरं. बघतो," एवढंच म्हणत, आणि संध्याकाळी आपले थेंब घालत. मला राग यायचा. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते यांना सरळ का सांगत नाही, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, "त्यांना भीती वाटते गं माझ्यासाठी. ती कुठं ठेवायची ते कळत नाही, म्हणून गाजरं आणतात."

सिन्नरला एका साखरपुड्यात मात्र मला ते सहन झालं नाही. जेवायच्या मांडवात एका नातेवाइकांनी चारचौघांत अण्णांसमोर हात धरला आणि विचारलं, "सांगा बरं, किती बोटं?" लोक हसले. अण्णांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "चार. आणि अंगठी नवीन केलेली दिसते." त्यावर अजूनच हशा झाला. "मग कसला आजार घेऊन बसलात," असं म्हणत सगळे पांगले. तिथून निघताना डावीकडे ठेवलेली पाण्याची बादली अण्णांना दिसली नाही. पाय अडकला, पाणी सांडलं, ते कसेबसे सावरले. मघाशी हसलेल्यांपैकी दोघे धावत आले. अण्णा त्यांना म्हणाले, "काही नाही, काही नाही... माझंच लक्ष नव्हतं." गाडीत बसल्यावर त्यांनी भिजलेल्या धोतराचा सोगा खिडकीबाहेर पिळला.

इतरांच्या सल्ल्याला "बरं, बघतो" पुरत असे. आक्कांपुढे ते चालत नसे. आई लवकर गेल्यामुळे या बहिणीनेच अण्णांना वाढवलं होतं. स्वतःचं लग्न झाल्यावरही धाकट्या भावांना सासरी नेऊन शिकवलं होतं. त्या आक्का एकदा आमच्याकडे आल्या त्या कागदात बांधलेली पूड घेऊनच. सिन्नरपलीकडच्या कुणा माणसाकडून आणलेली. तुपातून घ्यायची, आणि ती चालू असेपर्यंत दुसरं कोणतंही औषध घ्यायचं नाही, अशी अट. "लय लोकांना गुण आलाय," त्या म्हणाल्या. "ते डॉक्टरचं पाणी डोळ्यात घालून घालूनच तुजं डोळं कमजोर झाल्यात. माजं ऐक." अण्णा म्हणाले, "ऐकतो." मला वाटलं, हेही नेहमीसारखंच.

ते नेहमीसारखं नव्हतं. थेंबांची बाटली संपली की अण्णा रिकामी बाटली माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवत; येताना मी नवी आणत असे. एका महिन्यात बाटली आली नाही. दुसराही महिना तसाच सरत आला. मला वाटलं, संदीपने, माझ्या नवऱ्याने, आणली असेल. त्याला विचारलं तर त्याला वाटत होतं, मी आणली. मग मी फ्रिज उघडून पाहिला. दारातल्या कप्प्यात जुनीच बाटली होती, निम्म्याहून जास्त भरलेली.

"अण्णा, थेंब बंद केलेत?"

ते पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून म्हणाले, "आक्काला शब्द दिलाय."

"पण तुम्हाला माहीत होतं ना, काय होईल ते?"

"माहीत होतं," ते म्हणाले. "तिला नाही म्हणवत नाही मनीषा. आयुष्यात कधी म्हटलंच नाही."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. दाब खूप वाढला होता. डाव्या डोळ्याची उरलीसुरली कडाही गेली होती. आता त्या डोळ्याला समोरचंच काय ते थोडंसं दिसत होतं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "गेलं ते गेलं. उजवा सांभाळू," म्हणाल्या. घरी आल्यावर संदीप भडकला. आक्कांना फोन करून सगळं सांगतो म्हणून त्याने मोबाइल हातात घेतला, तेव्हा अण्णांनी त्याचं मनगट धरलं. त्यांना इतकं ठाम मी कधी पाहिलं नव्हतं. "तिला यातलं काही कळता कामा नये," ते म्हणाले. "तिच्या हातून माझं वाईट झालं हे कळलं तर ती अन्नपाणी सोडेल. माझा डोळा गेला तो गेला. तिचा जीव कशाला घालवता?"

"मग उद्या ती आणखी दुसरी पूड आणेल," संदीप म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच सिन्नरला फोन लावला. "आक्का, त्या पुडीनं काही फरक नाही पडला गं. डॉक्टरनं पुन्हा थेंब दिलेत. पण माझा हात थरथरतो, थेंब गालावरच पडतो. मनीषा सकाळी घाईत असते. तू येतेस का थोडे दिवस, थेंब घालायला?" हात थरथरत होता हे खरं होतं. माझ्या घाईचंही खरं होतं. मग आक्का म्हणाल्या, "उद्याच्या गाडीनं येते."

आल्यावर त्यांनी आधी हट्ट धरला की डॉक्टरीणबाईंकडून समजून घेतल्याशिवाय बाटलीला हात लावणार नाही. मी त्यांना घेऊन गेले. त्या आत बसून सगळं शिकल्या: हात धुवायचे, खालची पापणी ओढायची, एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा. मधेच मला औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात जावं लागलं. मी परत आले तेव्हा आक्का बाहेरच्या बाकावर पदर चेहऱ्यावर ओढून बसल्या होत्या. "आतल्या थंड हवेनं डोळ्याला पाणी आलं," म्हणाल्या.

त्या दिवसापासून थेंबांची वेळ चुकली नाही. सकाळी अण्णा खुर्चीत मान मागे टाकून बसायचे आणि ऐंशीच्या घरातल्या आक्का त्यांच्यावर वाकून, जीभ दाताखाली दाबून, नेम धरायच्या. पहिले काही दिवस थेंब कपाळावर, मिशीवर, कुठंही पडायचा. अण्णा म्हणायचे, "आक्का, मिशीला काचबिंदू नाही." "गप ऱ्हा, हलू नको." हळूहळू हात बसला. थोडे दिवस म्हणून आलेल्या आक्का राहूनच गेल्या. डोळ्यांबाबतचे सल्ले थांबले. त्यांचे तर थांबलेच, इतरांचेही त्यांनी थांबवले. बापूकाकांनी एकदा शीर्षासनाचा व्हिडिओ पाठवला, मागोमाग फोन केला. आक्कांनी अण्णांच्या हातातून मोबाइल घेतला आणि म्हणाल्या, "बापू, डोक्यावर हुबं राह्यलं की डोळ्यातला दाब वाढतो. हिथं डोळ्याचं खातं माज्याकडं हाय. तू तुजं गुडघं बघ." अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

उजवा डोळा शेवटपर्यंत टिकला. गेले त्या सकाळीही अण्णांनी पेपर वाचला होता.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा मी फ्रिज आवरत होते. थेंबांची ती बाटली टाकावी की ठेवावी, मला कळेना. आक्का मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "टाक. उघडलेलं औशद ठिवू नाय." मग तिथंच स्टुलावर बसल्या. "तुला सांगते मनीषा... पयल्याच दिवशी डॉक्टरीणबाई मला म्हनली, मधी औशद बंद पडलं म्हणून डावा डोळा गेला, आता खाडा करू नका. तिला काय ठावं, बंद कुणी करवलं ते. मी समजले."

बाटली हातात धरूनच मी विचारलं, "अण्णांशी कधी बोलला नाहीत?"

"त्यानं येवढं झाकलं माज्यासाठी. मी उघडं करून त्याला काय सुख दिलं असतं?" पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या, "थेंब घालताना रोज मनातल्या मनात माफी मागायची. त्यो डोळा मिटून बसायचा. त्याला ऐकू जात आसंल, आसं वाटायचं."

आता घर पुन्हा आपल्या रोजच्या चालीवर आलंय. एक सवय मात्र कुणाची सुटलेली नाही. अण्णांना डावीकडून आलेलं माणूस दिसत नसे, दचकायचे; म्हणून त्या बाजूने जाताना आम्ही सगळे आधी बोलत असू आणि वस्तू त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवत असू. काल संध्याकाळी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत हल्ली आक्का बसतात. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मी आलेय, चहा ठेवते डावीकडे." आक्कांचे डोळे या वयातही चांगले आहेत, मी दारात आले तेव्हाच त्यांनी मला पाहिलं होतं. तरी मान न वळवता, समोर बघतच त्या म्हणाल्या, "ठिव. हाताला लागंल आसा ठिव."