तोरण्यावरचा चुन्याचा खड्डा

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर लावायला हा कागद आजच वेल्ह्याहून भोरला धाडतो आहे. पुण्याचे ते चार पाहुणे तुम्हीच माझ्याकडे पाठवलेत, तेव्हा आता ऐकाही तुम्हीच.

सकाळी गावातल्या धोंडिबाला वाट दाखवायला घेऊन तोरणा चढलो. वर पोचताच एकच घोशा, "महाराजांना खजिना सापडला ती जागा कुठली?" म्हटलं, ती कुणालाच ठाऊक नाही. तेवढ्यात त्यांना देवळामागं एक खड्डा दिसला. झालं! चौघांनी त्यातली माती कपाळाला लावली, रुमालात बांधून घेतली.

धोंडिबा कळवळून म्हणाला, "सायेब, त्यो खड्डा म्याच खणलाय. देवळाच्या डागडुजीला चुना कालवायला."

"यांना काय कळणार?" असं म्हणून ते हसले. धोंडिबाचं खरं आहे, हे मला कळत होतं. पण माझ्या शाळेला पुस्तकं द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं, म्हणून मी गप्प बसलो.

खाली धोंडिबाच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. त्याच्या आईनं पाहुण्यांसाठी नव्या आंबेमोहोराचा भात रांधला होता. वास पार वाटेपर्यंत येत होता. वेल्ह्याला येऊन अनुभवावं असं काही असेल, तर ते हेच.

"खळ्यात काय बघायचं?" म्हणत पाहुणे गाडीत बसले. पुस्तकांचं नावही काढलं नाही.

भात निवून गेला. धोंडिबा म्हणाला, "गुरुजी, हितं खळ्यातबी येक खड्डा खणू का? मंग तरी थांबतील."

त्याला काय सांगू, ते तुम्हीच कळवा. पाहुणे तुमचे होते.