लाल लेबलवरची शिंक

अनन्या, रोहन,

तुमची आजी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, मसाल्याच्या प्रत्येक डब्यावर नाव लिहून चिकटवलं, आणि मांजर आडवं गेलं तर फक्त त्याच्या शेपटीवर पाय पडणार नाही एवढं बघितलं. नवस, अंगारे, अमावस्या... यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. तरीही रायपूरला, शंकर नगरच्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत, भर दुपारी मी जे ऐकलं ते ऐकलं. तुम्ही दोघं फोनवर सारखं विचारता, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते.

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर त्या आमच्याकडेच राहायला आल्या. लग्नाआधी, नागपूरला असताना, त्या रेडिओवर गायच्या. त्यावरून मुंबईला बोलावणं आलं आणि त्यांची एक रेकॉर्ड निघाली – लहान आकाराची, दोन्ही बाजूंना एकेक भावगीत. तेव्हा त्यांचं नाव मंदाकिनी. रेकॉर्ड बाजारात आली आणि पाठोपाठ लग्न ठरलं. आपल्याकडे तेव्हा लग्नात मुलीचं नाव बदलायचे, ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहून. मंदाकिनीची सुशीला झाली. सासरे हौशी! कंपनी रेकॉर्डचा दुसरा लॉट काढते आहे असं कळल्यावर स्वतः मुंबईला गेले आणि लेबलवर सुनेचं नवं नाव घालून आले. पहिला लॉट लाल लेबलचा, कुमारी मंदाकिनी. दुसरा निळ्या लेबलचा, सौ. सुशीला. अक्का म्हणायच्या, "गायली मंदा, अन् हारतुरे सुशीलेले!"

आजोबांना तर रेकॉर्डींचं वेडच. रेल्वेतून रिटायर झाल्यावर दुसरा उद्योग नाही. लेबलचा रंग, अक्षरांचं वळण, आणि गाणं संपल्यावर लेबलभोवती जी गुळगुळीत मोकळी पट्टी असते तिच्यावर कोरलेला बारीक नंबर... भिंग लावून तासन् तास बघायचे. त्या नंबरावरून रेकॉर्ड कोणत्या मूळ साच्यातून निघाली ते कळतं. निळी प्रत आमच्याकडे होती. लाल मात्र कुणी पाहिलेलीच नव्हती. ती फार थोडी निघाली असणार.

अक्कांचा एक हट्ट होता. लाल रेकॉर्डमध्ये गाणं संपलं की तबलजी शिंकतो आणि त्या हसतात.

"सासऱ्यानं कापाले लावलं ते," अक्का म्हणायच्या. "म्हणे, सुनेचं खिदळणं लोकाईनं काहून आयकावं?"

"अक्का, एकदा साचा झाला की त्यातलं शिंकणं कापता येत नाही," आजोबा समजावायचे. "आणि कंपनी मुळात शिंक ठेवेल का?"

"तू होता का तिथं? तू तवा गोट्या खेळून राहिला होता, बाळ्या!"

हसण्यावारी न्यायची गोष्ट. पण हे घडलं त्या वर्षी अक्कांचं विसरणं वाढलं. पुढचं दार उघडं टाकायच्या, भाजीवाल्याला दिराच्या नावानं हाक मारायच्या. तुमच्या बाबाला बंगळुरूत काळजी लागली. त्यानं नागपूरला एक चांगलं देखभालगृह शोधलं – नर्स, डॉक्टर, बाग. दिवाळीनंतर अक्कांना तिथे ठेवायचं. "आई, त्यांना भास होतात. ते शिंकेचं काय आहे मग?" असं म्हणाला. आजोबांनी भिंग उचललं आणि निळी रेकॉर्ड पुन्हा बघायला घेतली.

अक्कांना सगळं कळलं होतं. एका सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "बाळ्या, लाल लेबल शोध. हासू निघालं नाही तर मी आपल्या पायानं जातो. निघालं तर मले इथून कोणी हालवाचं नाही."

तेव्हापासून आजोबांनी रायपूर पालथं घातलं. छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून जो तो माळे आणि वरचे मजले रिकामे करून ऑफिसांना भाड्यानं देत होता. जुन्या वस्तू रोज बाहेर निघत होत्या. पंडरीच्या बाजारातल्या एका कापडवाल्यानं त्यांना वर नेलं. "बाबूजी, जो चाहिए ले जाइए, मुझे तो बस कमरा खाली चाहिए." धोतरजोड्यांच्या खोक्यात ती होती. लाल लेबल, कु. मंदाकिनी.

घरी आले ते चप्पल घालूनच पुढच्या खोलीत. त्यांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं.

आता मी काय काय तपासलं ते वाचा, कारण पुढे तुम्ही हेच विचारणार. टीव्ही बंद होता. मी स्वतः खिडक्या लावल्या. अक्का माझ्या समोर बसल्या होत्या, तोंडात चिवड्याचा बकाणा. आजोबांनी रेकॉर्ड पुसली, सुई ठेवली. गाणं सुरू झालं... तोच आवाज, निळीवरचाच, जरा जास्त स्वच्छ. गाणं संपलं. सुई मोकळ्या पट्टीवर गेली, खरखर सुरू झाली.

आणि मग – पुरुषाची शिंक. चांगली सणसणीत. तिच्यामागे एका मुलीचं हसणं. आधी दाबलेलं, मग फुटलेलं, मग "अगं बाई!" आणि पुन्हा हसू.

चिवडा गिळून अक्का म्हणाल्या, "आयकलं? असा शिंकला मेला."

आजोबांनी सुई पुन्हा ठेवली. गाणं, खरखर, बस्स. पुन्हा लावली. खरखर. दुसरी बाजू लावून पाहिली. काही नाही.

मी म्हटलं, "अहो, नंबर बघा." त्यांनी भिंग घेतलं. लाल आणि निळी, दोन्हींवर नंबर एकच. म्हणजे साचा एकच. म्हणजे निळीवर जे नाही ते लालवर असूच शकत नाही. नागपूरचे त्यांचे एक जाणकार मित्र मुद्दाम आले. आपली सुई, आपला प्लेअर घेऊन आले. उजेडात रेकॉर्ड तिरकी धरून म्हणाले, "साठेजी, त्या पट्टीत आवाज भरलेलाच नाही. सुई आत सरकायला एक रेघ आहे, तेवढीच. तिथून शिंक कशी येणार?" मग हळूच मला विचारलं, "वहिनी, साठेजींची तब्येत ठीक आहे ना?"

रात्री बाबाचा फोन आला. आजोबांनी सगळं खरं सांगितलं. शिंकही आणि नंबरही. काही लपवलं नाही. पलीकडून बाबा बराच वेळ बोलत होता. देखभालगृहाचे पैसे भरायची मुदत जवळ आली होती. आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"हे बघ, भास झाला म्हणून अक्काला पाठवायचं असेल तर तीन खाटा सांग. शिंक आम्ही तिघांनी ऐकली आहे. तुझ्या आईनं तर खिडक्या लावून ऐकली!"

बाबा हसला. हसू आवरून म्हणाला, "असू दे. दाराला आपोआप लागणारं कुलूप बसवून घ्या."

तो विषय तिथेच मिटला. अक्का शेवटपर्यंत आमच्याकडे राहिल्या, आणि भाजीवाल्यानंही दिराच्या नावाला आनंदानं ओ दिली.

खुलासा मात्र आजही माझ्याकडे नाही. तिघांच्या कानांना एकाच वेळी एकच भास व्हावा, हे मला पटत नाही. आवाज न भरलेल्या जागेतून शिंक यावी, हेही पटत नाही. मी ती रेकॉर्ड मधूनमधून लावते, खरखर संपेपर्यंत समोर बसते. अजून काही आलेलं नाही.

गंमत म्हणजे अक्कांनी ती पुन्हा लावा असं कधीच म्हटलं नाही. एकदा मी विचारलं, "अक्का, तुम्हाला नाही का वाटत परत ऐकावंसं?"

त्या वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शालू, ती पोट्टी एकदा हासली ना माह्यासाठी? रोज रोज काहून हासन?"