फरशीवरच्या रेघा

आज ओटीवरची फरशी पुसताना तेलरंगाच्या जुन्या रेघा दिसल्या. लोकांकडे मुलांची उंची दाराच्या चौकटीवर असते, आमची जमिनीवर आहे. बाबा मत्स्यशास्त्रज्ञ होते. बंदरावर दिवसभर माशांची लांबी मोजायचे, आणि वाढदिवसाला आम्हालाही तसंच भिंतीला डोकं लावून आडवं निजवायचे, टाचेपाशी रेघ मारायचे.

"उभं करून मोजा की पोरांना," आई म्हणायची.

"उभी पोरं टाचा उचलून फसवतात गं. आडवी झाली की आहेत तेवढीच भरतात."

स्वतः आडवं व्हायला मात्र त्यांना कधी सवड झाली नाही. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा त्यांना इथेच निजवलं होतं. मी खडू घेऊन त्यांच्या टाचेपाशी वाकले. आई हळूच म्हणाली, "आधी डोकं भिंतीला टेकलंय का बघ."