नोंदणीतला नंबर

गरोदर बायकांच्या तपासणीच्या खोलीत एक वजनकाटा, एक रक्तदाबाचं यंत्र आणि एक पडदा होता, आणि हे सगळं सांभाळणाऱ्या नर्सबाईंना सारे वजनाच्या ताई म्हणत. बावीस वर्षांत काटे तीन बदलले, पडदा एकदाही नाही. दंडाला पट्टी गुंडाळताना ताई विचारायच्या, घरी सगळं ठीक ना? नवरा शेजारी उभा, पट्टी आवळलेली. बाई म्हणायची, ठीक. ताई कार्डावर लिहायच्या, ठीक. त्यांच्या वळणदार अक्षरातले असे हजारो ठीक कपाटात गठ्ठे बांधून ठेवलेले होते.

मग वरून टॅब आला. सोबत संगणक, हेडफोन आणि दोन तासांचं प्रशिक्षण, त्यातला एक तास प्रास्ताविकाचा. कानात एका बाईचा आवाज सहा प्रश्न विचारी. घरात कुणी धमकावतं का, ढकलतं का, मारतं का. नाही असेल तर हिरवं वर्तुळ दाबायचं, हो असेल तर लाल. पडद्यामागे फक्त बाई बसणार, आणि बाहेरच्याला वाटणार की ती आहारावरचं भाषण ऐकतेय. ताईंनी नाक मुरडलं. जे बावीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही ते या पाटीला सांगणार होय, असं त्या आयाबाईंपाशी बोलल्याही. पहिला आठवडा सगळं हिरवंच आलं. ताईंना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जरा वाईटही वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी एक सातव्या महिन्यातली बाई आली. तिचा नवरा त्या व्हरांड्याचा लाडका होता. पिशवी तो धरी, पाण्याच्या बाटलीचं झाकण तो उघडी, तिला किती उलट्या झाल्या हेही तोच सांगे. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं आयाबाई दर खेपेला म्हणत. त्याला बाकावर बसवून ताईंनी तिला पडद्यामागे नेलं.

दोन हिरवी आली. तिसरं लाल. चौथं लाल. पाचव्याला ती थोडी थांबली, मग तेही लाल, आणि सहावंही. तिने हेडफोन काढून त्याची वायर नीट गुंडाळली, उसनी आणलेली वस्तू परत करावी तशी.

ताईंच्या संगणकावर एक तांबडी ओळ उमटली. खाली लिहिलं होतं, अभिनंदन, लाभार्थीच्या नोंदणीकृत मोबाईलवर अकरा वाजता संदेश जाईल. संदेशही दिला होता. प्रिय भगिनी, मार सहन करू नका, आम्ही पाठीशी आहोत. पुढे मदतीचा नंबर.

ताईंनी घड्याळ पाहिलं. दहा एकेचाळीस. नोंदणीतला मोबाईल कुणाचा, असं त्यांनी हळूच विचारलं.

"ह्यांचा," ती म्हणाली. "माझ्याकडे नाही. होता."

यात चूक कुणाचीच नव्हती. नोंदणीच्या खिडकीतला कारकून मोबाईल नंबर विचारतो आणि ज्याच्या हातात मोबाईल असतो तो सांगतो. काम इतकं रीतसर चाललं होतं की कुणाला काही खटकलंच नव्हतं.

ताईंनी संगणक विभागाला फोन लावला. तिथला माणूस अतिशय नम्र होता. रांगेत लागलेला संदेश थांबवता येत नाही, लेखी विनंती करा, दोन दिवस लागतील, असं त्याने सांगितलं. नंबर बदलता येतो का? येतो, पण जुन्या नंबरावर ओटीपी जाईल. दहा बावन्न झाले होते.

ताईंनी नंबर बदलायचं बटण दाबलं आणि त्या बाहेर आल्या. आजवर त्या नातेवाइकांशी एकच खोटं बोलत आल्या होत्या, की इंजेक्शन दुखत नाही. नवरा फोनकडेच बघत होता. तुमच्या फोनवर आकडे आलेत ते सांगा, असं त्या म्हणाल्या.

तो हसला. "ओटीपी कुणाला सांगू नये म्हणतात."

"ते बँकेला. आम्ही नुसतं वजन करतो."

"यात तर 'नोंदीत बदल' असं लिहिलंय. कसला बदल?"

"गेल्या खेपेचं वजन चार किलो जास्त पडलंय. माझ्याच हातून."

"तरीच," तो खुशीत म्हणाला. "ही काही खातच नाही. ऐकतच नाही कुणाचं."

आणि त्याने सहाही आकडे सावकाश वाचून दाखवले, शेवटचे दोन पुन्हा एकदा, ताईंना ऐकू आले नसतील म्हणून.

टाइप करताना ताईंची बोटं दोनदा चुकली. नव्या नंबराच्या रकान्यात त्यांनी स्वतःचा घातला. दुसरा कुठला त्यांना पाठ नव्हता. अकराला त्यांच्या खिशातला फोन थरथरला. प्रिय भगिनी. बाहेर बाकावर तो बाटलीचं झाकण लावत होता.

पडद्यामागे ताईंनी कागद ओढला, पण तिने त्यांचा हात धरला. "लिहून नका देऊ. सांगा."

ताईंनी मदतीचा नंबर दोनदा सांगितला. मग तिला घरी जाऊ दिलं, कारण न जाऊ देण्याचं बटण कुठेच नव्हतं.

त्या दिवसापासून खिडकीवर ताईंनी तगादा लावला की नंबर बाईला एकटीला विचारा. कारकून म्हणाला, परिपत्रक दाखवा. आणि त्या नवऱ्याला संशय नको, म्हणून तारखेची आठवण आणि लोहाच्या गोळ्यांचा निरोप ताई स्वतः दवाखान्याच्या फोनवरून त्याला पाठवत राहिल्या. एरवी यंत्र जे आपोआप करतं ते त्या एका बोटाने टाइप करत. तो प्रत्येक वेळी 'धन्यवाद मॅडम' लिही, आणि ते वाचून ताई फोन उलटा करून ठेवत.

पुढची तारीख बावीस. साडेदहा वाजले, अकरा वाजले. तेवढ्या वेळात ताईंनी एका बाईचं वजन तीनदा घेतलं. सव्वाअकराला दोघं आली, पिशवी त्याच्या हातात. ती पडद्यामागे आली आणि काट्यावर उभी राहिली. आकड्याकडे बघत तिने मदतीचा सगळा नंबर ओठांतल्या ओठांत म्हणून दाखवला. एकही आकडा चुकला नाही.

"पाठ आहे," ताईंच्या खिशातल्या फोनकडे बघत ती म्हणाली. "अजून लावला नाही. तुमच्या या फोनवरून लागेल?"

बाहेर तो आयाबाईंना काहीतरी गमतीचं सांगत होता, आणि आयाबाई हसत होत्या. ताईंनी पडदा आणखी ओढून घेतला आणि फोन तिच्या हातात दिला. मग कार्ड पुढ्यात घेतलं. वजन लिहिलं, दाब लिहिला. ठीकचा रकाना त्यांनी कोरा ठेवला आणि फोनच्या पलीकडे घंटी वाजतेय ती ऐकत उभ्या राहिल्या.